सीपीयू ९९ टक्के, पण खातंय कोण? एएस/४०० ची इंटरॅक्टिव्ह मर्यादा ओळखण्यापासून सोडवण्यापर्यंत

महिनाअखेरीला दुपारी तक्रारी सुरू होतात. एन्टर दाबलं की स्क्रीन थिजते, डिस्पॅचची बिलं निघत नाहीत, रात्री सहज उरकणारा बॅच जॉब (स्क्रीनशिवाय मागे चालणारं काम) दिवसा हलत नाही. तुम्ही सीपीयू बघता, तर ९९ टक्के. जॉबची यादी उघडता, तर सगळ्यांची बेरीज चाळीसच्या पुढे जात नाही. एएस/४०० या आयबीएमच्या धंद्यासाठीच्या संगणकावर किंवा त्याच्याच पुढच्या आय-सीरीजवर नव्याने आलेला माणूस इथे हमखास चुकीच्या दिशेला जातो. तो मेमरी वाढवायला सांगतो, डिस्क तपासतो, नेटवर्कवाल्यांना फोन लावतो. खरं कारण बहुतेक वेळा मशीन विकत घेतानाच्या करारात असतं: या यंत्रावर हिरव्या स्क्रीनचं, म्हणजे टर्मिनलसमोर बसून करायचं इंटरॅक्टिव्ह काम किती करायचं, हे विक्रेत्याने आधीच ठरवून दिलेलं असतं.

पुण्या-मुंबईत बसून परदेशी क्लायंटची अशी मशिन्स सांभाळणारी बरीच मंडळी आहेत, आणि जुनी माणसं निवृत्त होताना ही गोष्ट सांगायची राहून जाते. म्हणून हा लेख. कमांडची नावं आपण बोलताना उच्चारतो तशीच लिहिली आहेत.

सुरू करण्याआधी हाताशी ठेवा

- मशीनचा प्रकार, मॉडेल आणि सिरियल नंबर
- प्रोसेसर फीचर कोड आणि इंटरॅक्टिव्ह फीचर कोड
- ऑपरेटिंग सिस्टीमचं रिलीज, म्हणजे व्ही५आर३, व्ही५आर४ वगैरे
- पार्टिशन (एकाच मशीनचे स्वतंत्र सिस्टीमसारखे चालणारे भाग) असतील तर प्रत्येकाला काय वाटून दिलंय त्याची प्रिंट
- जॉब कंट्रोलचा अधिकार असलेला प्रोफाइल
- परफॉर्मन्स टूल्स हा लायसन्स्ड प्रोग्रॅम टाकलेला आहे का, याचं उत्तर
- निदान एका महिनाअखेरीचा कलेक्शन सर्व्हिसेसचा (सिस्टीमच्या कामगिरीची नोंद ठेवणाऱ्या सुविधेचा) डेटा

शेवटची गोष्ट आजच सुरू करा. त्रास होऊन गेल्यावर मागचा डेटा मिळत नाही.

१. ही मर्यादा हार्डवेअरची नाही, किमतीची आहे

आयबीएमने एएस/४०० जून १९८८ मध्ये जाहीर केलं. तेव्हा वापरकर्त्यांचं काम ५२५० टर्मिनलवर, म्हणजे याच हिरव्या स्क्रीनवर चालायचं. नव्वदच्या दशकात युनिक्स आणि विंडोज एनटीचे सर्व्हर स्वस्तात मिळू लागले. त्यांच्याशी स्पर्धा करायला आयबीएमला सर्व्हरची किंमत खाली आणावी लागली. पण ज्यांचा सगळा धंदा आरपीजी या भाषेत लिहिलेल्या हिरव्या स्क्रीनवर उभा होता, ते गिऱ्हाईक एका रात्रीत दुसरीकडे जाणार नव्हतं. त्यामुळे किमतीचे दोन भाग झाले: डेटाबेस, वेब आणि बॅचसाठी ताकद स्वस्त, ५२५० साठी ताकद महाग.

नव्वदच्या दशकातल्या सर्व्हर मॉडेलमध्ये ही विभागणी दिसू लागली. १९९९ च्या ७२०, ७३०, ७४० या मॉडेलवर इंटरॅक्टिव्ह फीचर वेगळं निवडायचं असे, आणि २००० च्या ८२०, ८३०, ८४० वर तीच पद्धत चालू राहिली. २००३ मध्ये स्टँडर्ड आणि एंटरप्राइज अशा दोन एडिशन आल्या. स्टँडर्डमध्ये ५२५० ची क्षमता जवळजवळ शून्य, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेशनपुरती, एंटरप्राइजमध्ये पूर्ण. २००७ च्या ५१५ आणि ५२५ मॉडेलवर हिशोब वापरकर्त्यांच्या संख्येवर गेला. २००८ नंतरच्या मोठ्या पॉवर मशीनवर ५२५० एंटरप्राइज एनेबलमेंट नावाचं वेगळं फीचर घ्यावं लागू लागलं.

हा इतिहास सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. तुमचं मशीन यातल्या कोणत्या काळातलं आहे, त्यावर पुढचा सगळा उपाय ठरतो. ५२५ वर कुणी इंटरॅक्टिव्ह कार्ड शोधत बसलं तर दिवस फुकट जाईल.

२. मशीनचे दोन आकडे काढा

यंत्राची ताकद सीपीडब्ल्यू (कमर्शियल प्रोसेसिंग वर्कलोड) या आयबीएमच्या एककात मोजतात. मर्यादा असलेल्या मॉडेलला दोन सीपीडब्ल्यू असतात: एक एकूण प्रोसेसरचा आणि दुसरा इंटरॅक्टिव्हचा. काही उदाहरणं बघा:

- मॉडेल १७०, प्रोसेसर २२८९: एकूण ५०, इंटरॅक्टिव्ह १५
- मॉडेल १७०, प्रोसेसर २२९२: एकूण २२०, इंटरॅक्टिव्ह ३०
- मॉडेल १७०, प्रोसेसर २३८८: एकूण १०९०, इंटरॅक्टिव्ह ७०
- मॉडेल २७०, प्रोसेसर २२५२: एकूण ९५०, इंटरॅक्टिव्ह ५०

पहिल्या ओळीकडून तिसरीकडे जाताना एकूण ताकद वीसपटीहून जास्त वाढली, इंटरॅक्टिव्ह पाचपटही नाही. जुन्या छोट्या मशीनवरून “दणकट” मशीनवर गेलेल्या कंपन्यांची फसगत नेमकी इथे झाली. कागदावरचा मोठा आकडा बघून ऑर्डर गेली, आणि वापरकर्त्यांच्या वाट्याला आला तो छोटा आकडा.

तुमचे आकडे काढायला आधी डिस्प्ले सिस्टीम व्हॅल्यूने क्यूमॉडेल आणि क्यूपीआरसीफीट बघा. मग डिस्प्ले हार्डवेअर रिसोर्स कमांड प्रोसेसर टाइप देऊन चालवा. तिथे प्रोसेसर कार्ड आणि इंटरॅक्टिव्ह कार्डाची नोंद सापडते. हे कोड आयबीएमच्या परफॉर्मन्स कॅपेबिलिटीज रेफरन्समधल्या तक्त्याशी जुळवा. मशीनच्या दारावरच्या स्टिकरवर विसंबू नका, कारण कार्ड मध्येच बदललेलं असू शकतं.

यातला सर्वात मोठा सापळा टक्केवारीचा आहे. २७०-२२५२ वर ५० भागिले ९५० म्हणजे साधारण सव्वापाच टक्के. इंटरॅक्टिव्ह जॉब मिळून सीपीयूचे पाच टक्के वापरत असतील, तर तुम्ही मर्यादेच्या उंबरठ्यावर आहात. नवखा माणूस तोच पाचचा आकडा बघून “काहीच लोड नाही” असा रिपोर्ट पाठवतो.

३. काय मोजलं जातं आणि काय नाही

ज्या जॉबमागे ५२५० चं सत्र आहे, त्याचा सगळा सीपीयू इंटरॅक्टिव्हच्या खात्यात जातो. टर्मिनल ट्विनॅक्सचं असो की पीसीवरचं टेलनेट एम्युलेटर, फरक पडत नाही. दुसऱ्या सिस्टीमवरून पास-थ्रूने आलेलं सत्रही मोजलं जातं. त्या सत्रातून कुणी पाच लाख रेकॉर्डचा रिपोर्ट चालवला, तर स्क्रीनवर एक ओळसुद्धा दिसत नसली तरी तो अख्खा सीपीयू तुमच्या ५० सीपीडब्ल्यूमधून कापला जातो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण निम्म्याहून अधिक उपाय याच्यातूनच निघतात.

त्याच सत्रातून सबमिट जॉब केलेलं काम बॅच धरलं जातं. ओडीबीसी आणि जेडीबीसीची, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमनी डेटाबेसला जोडून केलेली कामं क्यूझेडडीएएसओइनिट नावाच्या जॉबमध्ये चालतात. तीही बॅचच्या बाजूला. वेब सर्व्हर, एफटीपी, जावा हे सगळं तिकडेच.

आणखी एक गैरसमज: जुन्या स्क्रीनला ब्राउझरचा मुलामा देणारी साधनं घेतली की मर्यादा सुटते. मुलाम्याखाली ५२५० चं सत्र उघडत असेल, तर मोजणी होणारच. आयबीएमने २००३ च्या सुमाराच्या मॉडेलपासून वेबफेसिंगला (जुन्या स्क्रीनची वेब पानं करणारं त्यांचंच साधन) यातून सवलत दिली, पण ती ठरावीक साधनांना आणि ठरावीक रिलीजवर. विक्रेत्याकडून तुमच्या मॉडेल आणि रिलीजसाठी हे लेखी घ्या.

४. सीएफइंट पकडा

मर्यादा लागू करणारं काम सीएफइंट०१, सीएफइंट०२ अशा नावाचे सिस्टीम टास्क करतात, प्रत्येक प्रोसेसरला एक. इंटरॅक्टिव्ह वापर एका बिंदूपर्यंत सुखाने चालतो. त्यापुढे गेला की सीएफइंट स्वतः सीपीयू घ्यायला लागतो, आणि वापर जितका पुढे जाईल तितका त्याचा वाटा झपाट्याने वाढतो. हा सीपीयू बॅचच्या तोंडचाही काढून घेतला जातो, म्हणून वेबवाल्यांचीही तक्रार त्याच वेळी येते.

वर्क-ॲक्ट-जॉब या चालू जॉबच्या यादीत सीएफइंट दिसत नाही, कारण तो जॉब नाही, टास्क आहे. तो बघायला वर्क-सिस-ॲक्ट लागते, आणि ती परफॉर्मन्स टूल्ससोबत येते. ही कमांड एका वेळी एकालाच वापरता येते. आधीच्या शिफ्टच्या माणसाने उघडी ठेवली असेल तर आधी त्याला बाहेर पडायला सांगा. उघडल्यावर एफ१० ने यादी ताजी करा आणि वरच्या चार-पाच ओळी बघा. सीएफइंटच्या नावापुढे एखाद-दुसरा टक्का दिसला तर काळजी नको. तीस, चाळीस दिसले तर निदान झालं.

परफॉर्मन्स टूल्स नसेल तर वर्क-ॲक्ट-जॉबमध्ये एफ१० ने आकडे शून्यावर आणा, दोन-तीन मिनिटं थांबा, एफ५ दाबा. वरचा एकूण सीपीयू आणि खालच्या जॉबची बेरीज यात मोठी दरी असेल तर ती सिस्टीम टास्कची आहे. हा पक्का पुरावा नव्हे, पण सीएफइंटवर बोट ठेवायला पुरतो. मात्र हीच स्क्रीन एफ१९ लावून आपोआप ताजी होत ठेवू नका. ती स्वतःच इंटरॅक्टिव्ह जॉब आहे, आणि छोट्या मशीनवर चांगलाच सीपीयू खाते. सपोर्टच्या टीममध्ये चार जण चार पडद्यांवर तेच लावून बसलेत, असं चित्र नेहमीचं आहे.

सगळ्यात सोयीचं साधन म्हणजे आय-सीरीज नॅव्हिगेटरमधल्या मॅनेजमेंट सेंट्रलचा सिस्टीम मॉनिटर. त्यात सीपीयूची दोन मापं जवळजवळ आहेत: “इंटरॅक्टिव्ह जॉब्ज” आणि “इंटरॅक्टिव्ह फीचर”. पहिलं एकूण सीपीयूच्या टक्क्यात आहे, दुसरं विकत घेतलेल्या क्षमतेच्या टक्क्यात. दुसरं निवडा. तो आकडा शंभरच्या पुढेही जातो, आणि गेला की वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. साहेबांना दाखवायला हाच आलेख वापरा.

५. काम स्क्रीनवरून उठवून बॅचमध्ये न्या

पैसे खर्च करण्याआधी इथे वेळ घाला. वर्क-ॲक्ट-जॉब फक्त क्यूइंटर सबसिस्टीमसाठी उघडा, सीपीयूच्या रकान्यावर कर्सर नेऊन एफ१६ दाबा. वरचे दहा जॉब लिहून घ्या, कोण वापरतं, काय चाललंय ते विचारा. बहुतेक ठिकाणी मोजकेच लोक निम्म्याहून जास्त क्षमता खात असतात, आणि ते डेटा एंट्रीवाले नसतात. ते क्वेरी चालवणारे, रिपोर्ट काढणारे आणि आपल्यासारखे प्रोग्रॅमर असतात.

क्वेरी: वर्क-क्वेरीमध्ये ऑप्शन ९ ने क्वेरी तिथल्या तिथे चालते, ८ ने बॅचमध्ये जाते. लोकांना ९ ची सवय असते. अकाउंट्सच्या माणसांना शेजारी बसून ८ दाखवा आणि आउटपुट स्पूलमध्ये कुठे सापडेल तेही दाखवा. ते न दाखवल्यास दुसऱ्याच दिवशी ते ९ वर परततात.

कंपाइल: पीडीएममध्ये (प्रोग्रॅमरचं सोर्स सांभाळण्याचं साधन) एफ१८ दाबा, बॅचमध्ये कंपाइल करण्याच्या प्रश्नापुढे वाय ठेवा. हे प्रत्येकाच्या प्रोफाइलला वेगळं असतं. सक्ती करायची असेल तर चेंज-कमांड वापरून कंपाइलच्या कमांडमधून इंटरॅक्टिव्ह परवानगी काढा. पण नवीन रिलीज टाकलं की आयबीएमच्या कमांडमधले बदल पुसले जातात. म्हणून असे सगळे बदल एका छोट्या सीएल (या सिस्टीमच्या कमांडची भाषा) प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवा आणि अपग्रेडनंतर तो चालवा.

एसक्यूएल: स्टार्ट-एसक्यूएल इंटरॅक्टिव्ह आहे. अपडेट, डिलीटसारखी कामं सोर्स मेंबरमध्ये लिहून रन-एसक्यूएल-एसटीएमने सबमिट करा. त्यात नुसतं सिलेक्ट चालत नाही. त्यासाठी क्वेरी मॅनेजमेंटचा स्टार्ट-क्यूएम-क्वेरी हा रस्ता आहे. किंवा पीसीवरून रन एसक्यूएल स्क्रिप्ट्स वापरा, ते काम बॅचच्या बाजूला मोजलं जातं.

मेन्यूवरचे रिपोर्ट: इथे सर्वात जास्त फायदा आणि सर्वात जास्त अपघात. कॉलच्या जागी सबमिट जॉब टाकलं की काम झालं असं वाटतं. या चार गोष्टी तपासल्याशिवाय प्रॉडक्शनला नेऊ नका.

पहिली, क्यूटेम्प. प्रत्येक जॉबची क्यूटेम्प ही तात्पुरती लायब्ररी वेगळी असते. स्क्रीनच्या प्रोग्रॅमने तिथे बनवलेली वर्कफाइल सबमिट केलेल्या जॉबला दिसणार नाही. वर्कफाइल बनवण्याचं पाऊलही बॅचमध्ये न्या. लोकल डेटा एरिया (जॉबची छोटी माहितीची जागा) मात्र सोबत कॉपी होऊन जातो, त्याची चिंता नको.

दुसरी, लांब अक्षरी पॅरामीटर. समजा, सीएलमध्ये ४० अक्षरांचं व्हेरिएबल आहे आणि त्यात एखाद्या गावाचं छोटं नाव आहे. सबमिट जॉबमधल्या कॉलमध्ये ते मजकूर म्हणून जातं, मागच्या मोकळ्या जागा गळतात आणि पुन्हा भरल्या जातात त्या ३२ पर्यंतच. उरलेल्या आठ जागांत मेमरीतलं काहीही येतं. चाचणीत बरोबर चालतं, आठवड्याने एका शाखेचा रिपोर्ट रिकामा येतो. उपाय दोन: व्हेरिएबल ४१ चं करून शेवटी एक ठळक अक्षर ठेवा, किंवा त्या प्रोग्रॅमसाठी स्वतःची कमांड बनवून ती सबमिट करा. मी दुसरा सुचवेन. एकदा बनवली की पुढच्या माणसालाही पॅरामीटरची लांबी आठवावी लागत नाही.

तिसरी, आकडे. अशा कॉलमधून गेलेली संख्या पॅक्ड १५,५ (एकूण १५ अंक, त्यातले ५ दशांशाचे) म्हणून पोचते. घेणारा प्रोग्रॅम ७,० ची वाट बघत असेल तर डेसिमल डेटा एरर येईल किंवा चुकीची रक्कम छापली जाईल. स्वतःची कमांड बनवली की हाही प्रश्न मिटतो.

चौथी, जॉब क्यू. क्यूबॅचमध्ये एका वेळी एकच जॉब चालण्याची मर्यादा बऱ्याच ठिकाणी ठेवलेली असते. सगळे रिपोर्ट तिकडे लोटलेत तर पाच मिनिटांच्या चलनामागे तासाभराची क्वेरी उभी राहील, आणि लोक पुन्हा जुना मेन्यू मागतील. छोट्या रिपोर्टसाठी वेगळी क्यू करा.

क्यूडीवायएनपीटीवायएडीजे ही सिस्टीम व्हॅल्यू सर्व्हर मॉडेलवर १ आहे का तेही बघून घ्या, आणि तिच्या सोबतीची क्यूडीवायएनपीटीवायएससीडीसुद्धा. दोन्ही चालू असतील तर इंटरॅक्टिव्ह काम मर्यादेकडे सरकताना सिस्टीम त्याची प्रायॉरिटी बदलून बॅचला सांभाळते. यांनी इंटरॅक्टिव्ह क्षमता वाढत नाही, पण वेब आणि बॅचवाल्यांना जरा श्वास मिळतो.

६. आडवाटेला जाऊ नका

सीएफइंटला बगल देणारी साधनं मागे बाजारात आली होती, आणि “आमच्याकडे एक युक्ती आहे” म्हणणारं कुणीतरी अजूनही भेटतं. मशीनच्या अंतर्गत कोडशी खेळून करारातली मर्यादा ओलांडणं म्हणजे लायसन्सचा भंग, आणि पुढचा पीटीएफ (आयबीएमचा दुरुस्तीचा पॅच) टाकला की सिस्टीम कशी वागेल याची जबाबदारी कुणी घेत नाही. क्लायंटचं मशीन असेल तर हा निर्णय तुमचा नाहीच.

७. क्षमता विकत घ्यायचीच असेल तर

पाचव्या पायरीनंतरही “इंटरॅक्टिव्ह फीचर”चा आलेख महिनाअखेरीला शंभरला टेकत असेल, तर मागणी रास्त आहे. पण व्ही५आर४ चा नियमित सपोर्ट सप्टेंबर २०१३ मध्ये संपला, आणि २७०, ८२०, ८३० व ८४० ही मशिन्स त्याच्या पुढे जात नाहीत. अशा मशीनसाठी कार्ड मिळालंच तर वापरलेल्या मालाच्या बाजारात. तिथे पैसे ओतण्यापेक्षा वापरकर्त्यांच्या संख्येवर चालणारं छोटं पॉवर मशीन बहुतेकांना परवडतं. दोन्हींची कोटेशन मागवा.

कोटेशन येताच एक गोष्ट तपासा, जी विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो: सॉफ्टवेअर टियर. या मशिन्सचे पी०५, पी१०, पी२० असे गट असतात आणि बरंच सॉफ्टवेअर त्या गटाच्या भावाने विकलं जातं. ७०० आणि ८०० च्या मालिकेत इंटरॅक्टिव्ह फीचर वाढवलं की गटही वर जाऊ शकतो. मग कार्डाच्या किमतीपेक्षा ईआरपी आणि बॅकअप सॉफ्टवेअरच्या फरकाचं बिल मोठं येतं. प्रत्येक तृतीय पक्षाच्या सॉफ्टवेअरची यादी करा आणि नव्या गटाचा भाव ऑर्डरआधी लेखी मागवा. त्यांच्या कीज सिरियल, मॉडेल आणि क्यूपीआरसीफीटच्या कोडला बांधलेल्या असतात. नव्या कीज आधी हातात नसतील तर सोमवारी सकाळी मशीन चालू आणि ईआरपी बंद, अशी अवस्था होते.

८. बदल झाल्यावर

डिस्प्ले हार्डवेअर रिसोर्स पुन्हा चालवून नवा फीचर कोड दिसतोय का ते बघा. पार्टिशन असतील तर नवी क्षमता ज्या पार्टिशनला हवी तिलाच मिळाली का ते तपासा. इंटरॅक्टिव्ह क्षमता पार्टिशनमध्ये टक्क्यांनी वाटली जाते. टेस्टच्या पार्टिशनला जुन्या हिशोबाने दिलेले टक्के तसेच राहिले तर विकत घेतलेल्या क्षमतेचा तो भाग प्रॉडक्शनच्या उपयोगी पडत नाही. हे टक्के जुन्या मशीनवर प्रायमरी पार्टिशनमधून आणि आय५ (आय-सीरीजनंतरची मशिन्स) वर एचएमसीच्या (हार्डवेअर मॅनेजमेंट कन्सोल) प्रोफाइलमधून बदलतात. एचएमसीवर नुसतं प्रोफाइल बदलून थांबू नका. प्रोफाइलमधले नवे टक्के पार्टिशन बंद करून त्याच प्रोफाइलने पुन्हा चालू केल्यावर लागू होतात, पण पार्टिशन चालू असतानाही एचएमसीवरून हे टक्के डायनॅमिक पद्धतीने बदलता येतात.